इंजिन बंद कर

"बंद कर ते इंजिन! बहिरा हायेस काय रे? बंद कर म्हणून राहिली नं मी!"

तिसऱ्यांदा ओरडूनही कॅबिनमधले पाय हलले नाहीत. तेव्हा विनोदिनीनं सारवणासाठी कालवलेली शेणाची बादली उचलली आणि ट्रकच्या समोरच्या काचेवर रिती केली. फच्चकन आवाज झाला. उन्हानं तापलेल्या काचेवरून शेण ओघळायला लागलं. आतले दोन उघडे पाय झटक्यात खाली गेले आणि ड्रायव्हर दचकून उठून बसला. भरदुपारी अंधार कसा झाला ते त्याला समजेना. त्यानं वायपर चालू केला. वायपरनं ते शेण या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट सारवून दिलं.

कुंपणापलीकडून बघणाऱ्या बाया खदखदून हसल्या. विनोदिनी हसली नाही. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरात सासू कांताबाई खोकून खोकून निळी पडत होती, आणि तिच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर त्या ट्रकच्या सायलेन्सरचं तोंड होतं. ट्रक परवापासून तिथंच उभा. उभा म्हणजे नुसता उभा नव्हे. चालू. घर्र घर्र घर्र. त्या थरथरीनं मांडणीवरच्या ताटल्या वाजत आणि हंड्यातलं पाणीही स्थिर राहत नसे.

तेंदूपारा म्हणजे काही मोठं गाव नाही, नुसता पारा, लहानशी वस्ती. रायपूरच्या कडेला उरला इथल्या कारखान्यांची शेवटची भिंत जिथं संपते तिथं थोडी घरं, घरांमागं भाजीच्या बाड्या, आणि त्यांच्याही मागं धानाची शेतं. विनोदिनीचा सासरा रेल्वेत गँगमन होता. भंडाऱ्याकडून पोटामागं रायपूरला आला, रूळ ठोकता ठोकता म्हातारा झाला, आणि नोकरी संपल्यावर त्यानं इथं बाडी घेतली. तेव्हा इथं कोल्हे ओरडत, असं कांताबाई सांगे. कोल्हे गेले आणि ट्रक आले. लोखंडाच्या मिलच्या गेटवर नंबर लागेपर्यंत भंगारानं लादलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेनं रांग लावून राहत. रांग सरकली की सरकायचं, नाहीतर झोपायचं. पण झोपताना इंजिन कोणी बंद करत नसे. कोणाला पंखा पाहिजे, कोणाच्या ब्रेकची हवा उतरते, कोणाची बॅटरी मेलेली. सगळा धूर पाऱ्यावर. लाल भाजीच्या पानांवर काजळी बसे. कितीही पाण्यातून काढली तरी गुढियारीच्या बाजारातल्या बाया पान बोटांत चुरगाळून बघत आणि पुन्हा टोपलीत टाकून देत. वांग्याची फुलं धरायच्या आधीच गळत. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच कांताबाई रोज सकाळी पदरानं पुसे, आणि रोज तिचा पदर काळा होई.

त्यात या आठवड्यात मिलची भट्टी बिघडली आणि रांग जागची हलेना.

ड्रायव्हर खाली उतरला. तरणाच होता. वाढलेली दाढी, तारवटलेले डोळे, गळ्यात घामानं कडक झालेला गमछा. "पागल हो गई क्या दीदी? गाडी पे गोबर मारती हो?"

"गोबरच मारलं. अजून धोंडा नाई मारला," विनोदिनी म्हणाली. "इंजिन बंद कर."

"कल भी बोला था न? सेल्फ नहीं उठता. बंद किया तो फिर चालू नहीं होगी."

"नाई होऊ दे! माही सासू मरून राहिली तिकळे घरात. तुह्या गाडीपायी माणूस मारू काय आमचं?"

"तो मैं क्या करूँ? मालिक बोलता है चालू रख, तो चालू रखता हूँ. बंद पड़ गई तो धक्का कौन मारेगा? तुम्हारा बाप?"

विनोदिनीचा बाप मागच्याच वर्षी वारला होता. या पोट्ट्याला ते काय ठाऊक? पण तिच्या डोक्यात झिणझिणी उठली. पायाशी बाडीच्या बांधाचा दगड होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि ट्रकच्या दिव्यावर घातला. काचेचा चुरा झाला. दुसरा दगड उचलायला ती वाकली तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं.

"छोड़! छोड़ पत्थर!"

"नाई सोडत!"

त्यानं मनगट पिरगाळलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. तो कळवळला आणि त्यानं तिला जोरात ढकलून दिलं. विनोदिनी मागं भेलकांडली. कुंपणाच्या दगडी खांबाची धार तिच्या कपाळाला लागली आणि रक्ताची धार नाकावरून हनुवटीपर्यंत आली.

बायांचं हसणं बंद झालं. ड्रायव्हरही पांढरा पडला. एक पाऊल पुढं येऊन "लगा क्या जोर से?" असं काहीसं पुटपुटला. पण बाया अंगावर धावून आल्यावर तो कॅबिनमध्ये चढला, त्यानं दार ओढलं आणि काच वर केली. इंजिन चालूच होतं. आता कांताबाई काठी टेकत बाहेर आली आणि ट्रकच्या टायरावर काठी हाणायला लागली. एक फटका आणि एक खोकला, एक फटका आणि एक खोकला.

"अवो आत्याबाई, घरात जा," विनोदिनी कपाळाला पदर दाबत म्हणाली. "धूर हाय."

"धूर घरात नाई काय?" म्हातारी म्हणाली. पण श्वास पुरेना तेव्हा आत गेली.

अशा वेळी धर्मपाल आला. विनोदिनीचा नवरा. रोलिंग मिलमध्ये लाल तापलेल्या सळ्या चिमट्यानं ओढायचं काम तो करत असे. पाळी संपवून सायकलवर येत होता. माणूस अंगानं दणकट आणि तोंडानं मुका. आपल्याला राग आला तर काय होईल याची त्याची त्यालाच भीती होती, म्हणून तो भांडणाच्या जागेवर थांबत नसे. पाऱ्यात कुठं आवाज चढला की तो बाडीत जाऊन वाफे खुरपत बसायचा.

त्यानं सायकल टाकली. बायकोच्या तोंडावरचं रक्त बघितलं.

"कोणं?"

विनोदिनीला म्हणता आलं असतं, पडली मी. म्हणता आलं असतं, पहिला दगड म्याच उचलला. तिनं बोट केलं. ट्रककडं.

ते बोट तिला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं.

धर्मपाल घरात गेला आणि बाडीत खड्डे खणायची लोखंडी सब्बल घेऊन आला. तोवर पारा जमला होता. शेजारचा लोकेश सगळ्यांत पुढं. त्याच्या लहान लेकीला दम्याचा पंप ओढायला लागायचा. गाड्यांवरचा त्याचा राग आजचा नव्हता.

"ओढा साल्याले खाली!" लोकेश ओरडला. "कुठून कुठून येतेत आन् आमच्या दारात धूर सोडतेत! बाईवर हात टाकते! ओढा!"

दाराची काच फुटली. चार-पाच हात आत गेले आणि ड्रायव्हर गमछ्याला धरून खाली आला, तोंडावरच. मग लाथा सुरू झाल्या. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर उतरले, गर्दी बघितली, आणि परत वर चढले. कोणी पाठीत हाणत होता, कोणी बरगडीत. लोकेशनं केस धरून त्याचं डोकं चाकाच्या नटांवर आपटलं. धुळीत रक्ताचे गोळे झाले. आणि इंजिन आपलं चालूच, घर्र घर्र घर्र, जसं काही त्याचं यात काहीच नाही.

खरं सांगायचं तर विनोदिनीला पहिल्यांदा बरं वाटलं. छातीवरचा दगड कोणी बाजूला करावा तसं. पण मग तिनं बघितलं, पोट्टा उलटून मारत नव्हता, शिव्याही देत नव्हता. नुसतं डोकं हातांत लपवून पोटाशी गुडघे घेऊन पडला होता, थंडीत कुत्र्याचं पिल्लू पडतं तसा.

"अवो, बस झालं आता," ती म्हणाली. पण इंजिनाच्या आवाजात तिचं कोणाला ऐकू जाणार?

धर्मपालची सब्बल वर गेली. डोकं झाकलेल्या डाव्या हातावर ती बसली. वाळलेली काठी मोडावी तसा कोरडा आवाज झाला, आणि कोपराखाली जिथं हात वाकत नाही तिथं तो वाकला.

"मेलो वं माय!" पोट्टा किंचाळला. "मेलो! माहा हात! माय वं!"

उगारलेले पाय हवेतच राहिले. लोकेशनं मूठ सोडली. बोटांत केस तसेच.

"आबे," तो बारीक आवाजात म्हणाला, "हा तं आपल्यातलाच पोट्टा हाय."

म्हणजे दोन दिवस त्याला मराठीत जे जे बोललं गेलं होतं, त्याच्या आईबापावरून, जातीपातीवरून, ते सगळं त्याला समजत होतं. धर्मपालच्या हातातून सब्बल गळून पडली. तो आपल्या तळव्यांकडं बघत राहिला.

गर्दी जरा मागं हटली तेवढ्यात पोट्टा उठला. जीव वाचवायचा एवढंच त्याला कळत होतं. उजव्या हातानं दांडा पकडून तो कसाबसा कॅबिनमध्ये चढला आणि पळायच्या बेतानं त्यानं ॲक्सिलेटरवर पाय दिला.

इंजिन गुरगुरलं आणि मग चढलं. चढतच गेलं. पोट्ट्यानं पाय काढला तरी चढत गेलं. घर्र घर्र गेली आणि तिच्या जागी एक कर्कश किंकाळी आली, शंभर डुकरं एकदम कापावीत तशी. सायलेन्सरमधून आधी पांढरा लोट आला, मग काळा, मग त्या काळ्यात ठिणग्या दिसायला लागल्या. अख्खा ट्रक थडथड थडथड हलत होता. आत पोट्ट्यानं चावी फिरवली, उपसून काढली. इंजिन थांबेना. गिअर टाकून गाडी दाबून बंद करावी तर गिअरचा दांडा डावीकडं, आणि डावा हात लोंबत होता. तो फुटलेल्या काचेतून अर्धा बाहेर आला.

"भागो! फटेगा! इंजिन फटेगा!"

लोक पळाले. लोकेश पळाला, बाया पळाल्या, मागचे ड्रायव्हर गाड्या सोडून शेतात पळाले. आणि सायलेन्सरच्या ठिणग्या सरळ कुंपणावरून बाडीत पडल्या. तिथं गायीसाठी रचलेली पैरावट होती, धानाच्या तणसाचा ढीग, वैशाखाच्या उन्हानं कडकडीत वाळलेला. आग लागायला वेळ लागला नाही. पैरावटीला लागून कांताबाईची खोली.

"माय!" धर्मपाल ओरडला आणि घराकडं धावला.

विनोदिनीही धावली होती. दोन पावलं. मग थांबली. आग विझवून काय होणार, ठिणग्या तर येतच राहणार. जोवर ते ओरडत होतं तोवर सगळं जळणार होतं. ती वळली आणि ट्रककडं गेली.

"कसं बंद करू?" तिनं खालून विचारलं. "बोल लवकर! कसं बंद होते हे?"

पोट्टा दारातून खाली घसरला होता. दातावर दात दाबून त्यानं कॅबिनच्या मागं उभ्या असलेल्या लोखंडी नळकांड्याकडं उजवा हात केला. "हवा! हवा तिथून पिते. तोंड बंद करा त्याचं. श्वास कोंडा!"

पुन्हा तो मराठीत बोलला होता. पण तेव्हा कोणाच्या लक्षात येणार?

गायीच्या टाक्यात बारदान भिजत पडलं होतं. विनोदिनीनं ते उपसलं, चाकावर पाय ठेवला, तिथून टाकीवर, तिथून वर. पत्रा तव्यासारखा तापलेला. तळव्यांची कातडी चरचरली. नळकांड्याच्या तोंडाशी तिनं ओलं बारदान नेलं आणि ते तिच्या हातातून आत खेचलं गेलं, जसं कोणी पलीकडून ओढावं. पोत्याच्या चिंध्या होऊन आत जायला लागल्या. तिनं उरलेलं दुमडलं, तोंडावर दाबलं, आणि वरून स्वतः आडवी झाली. छाती, दोन्ही हात, हनुवटी. ते भोक तिला ओढत होतं. हाताचा पंजा बारदानासकट आत बसला आणि बोटं मुरगळली. ती ओरडत होती, पण तिचं ओरडणं तिलाच ऐकू येत नव्हतं.

इंजिनाला ठसका लागला. एक, दोन. आत खालच्या अंगाला काहीतरी खाडकन तुटलं आणि लोखंडाचा एक तुकडा बाजूनं फोडून बाहेर आला, रस्त्यापलीकडं जाऊन पडला. मग ट्रक एकदा अंग झटकल्यासारखा हलला आणि थांबला.

इतकी शांतता तेंदूपाऱ्यात कित्येक वर्षांत नव्हती. मागच्या गाड्याही घाबरून ड्रायव्हरांनी बंद केल्या होत्या. फक्त पैरावट जळताना तडतडत होती. पळालेले लोक लाजून परत येत होते, हंडे, बादल्या, बोअरची नळी घेऊन. धर्मपाल आईला पाठीवर घेऊन अंगणात उभा होता. म्हातारीचा पदर होरपळला होता, ती जिवंत होती.

विनोदिनी खाली उतरली. उजव्या हाताची दोन बोटं सुजून वांग्याएवढी झाली होती. ती त्या पोट्ट्याजवळ गेली. तो चाकाला टेकून बसला होता.

"नाव काय तुहं?"

"इंद्रजीत."

"कुठला?"

"गुढियारीचा. आजोबा गोंदियाकडून आलते."

"मग दोन दिवस हिंदी काहून बोलून राहिलता?"

"बाहेर तेच बोलतो," इंद्रजीत म्हणाला. "मराठी घरातच. आईसंग."

तिनं कुंपणाची एक कामटी काढली, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याचा हात बांधला. बांधताना तो कळवळत होता, पण हात मागं घेत नव्हता. कोणीतरी दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता. पोलिसांनाही केला होता. विनोदिनीनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"इंद्रजीत, ऐक. पोलीस इचारतीन. सांगजो, हात इंजिनात गेला म्हणून. माह्या माणसानं जन्मात कोणाले चापट नाई मारली. आज काय झालं त्याले, त्यालेच नाई समजलं."

इंद्रजीतनं डोळे मिटून घेतले.

पोलिसांच्या आधी मालक आला. यशवंतराव नाव, भनपुरीला छोटं ऑफिस, दोनच गाड्या, त्यातली ही एक. संगं एक मिस्त्री घेऊन आला होता. इंजिनाच्या बाजूला पडलेलं भगदाड बघून तो मटकन रस्त्यावरच बसला. पोशाख पांढरा, बूट चकचकीत, तरी बसला. मिस्त्रीनं ऑइलची पट्टी ओढून बघितली, बोटांवर चोळली, हुंगली.

"पूरा डिझेल है," तो म्हणाला. "उभ्या गाडीत डिझेल पुरतं जळत नाही साहेब, खाली ऑइलात उतरतं. ऑइल पाण्यावाणी पातळ होतं, वर चढतं. किती दिवसांची सवय हाय ही? मग एक दिवस पाय दाबला की इंजिन आपलंच ऑइल पिऊन धावते. चावीचं काय काम राहते मग?"

"तू चूप राह्य," यशवंतराव म्हणाला.

तो उठला, कपडे झटकले आणि इंद्रजीतजवळ जाऊन उकिडवा बसला. विनोदिनी दोन हातांच्या अंतरावर होती, तिला सगळं ऐकू आलं.

"हे बघ, त्या बाईनं आत बारदान कोंबलं. सगळ्यांनी बघितलं. त्याच्यानंच इंजिन फुटलं, असं सांग. गावकऱ्यांनी गाडी फोडली, दिवा फोडला, इंजिन फोडलं. भरपाई मिळून नवी गाडी आली की तुझ्याच हाती देतो. आणि हात कोणी मोडला तेही सांग, म्हणजे सगळेच आत जातील."

"सेल्फचं मी तुम्हाला दिवाळीपासून सांगून राहिलो होतो," इंद्रजीत म्हणाला.

"ती गोष्ट आत्ता कशाला?"

पोलिसांची जीप आली. ठाणेदार वयस्क, घामानं निथळलेला. त्यानं ट्रक बघितला, जळालेली पैरावट बघितली, विनोदिनीचं कपाळ बघितलं, आणि मग इंद्रजीतसमोर उभा राहिला. सगळा पारा गोळा झाला होता. धर्मपाल कुंपणाला टेकून बसला होता, सब्बल त्याच्या पायाशी तशीच. त्यानं ती लपवलीही नव्हती.

"बोल बे," ठाणेदार म्हणाला. "इंजिन किसने तोड़ा?"

इंद्रजीतनं आधी मालकाकडं बघितलं, मग विनोदिनीकडं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. हात इंजिनात गेला म्हण. एवढंच म्हण.

"इंजिन किसी ने नहीं तोड़ा साहब," इंद्रजीत म्हणाला. "मैंने खड़े-खड़े मारा उसको. रोज चालू रखता था. ऑइल चढ़ रहा था, मेरे को मालूम था. मालिक को भी मालूम था. इस दीदी ने बोरा नहीं लगाया होता तो आग से इनकी सास जल जाती, मैं भी जल जाता."

यशवंतरावाची मान खाली गेली. पाऱ्यात कुजबुज उठली. विनोदिनीच्या जिवात जीव आला.

"और इसका सिर?" ठाणेदारानं विचारलं.

"मैंने ढकेला. पहले इन्होंने पत्थर मारा, फिर मैंने ढकेला."

"और तेरा हाथ?"

इंद्रजीतनं बांधलेल्या हाताकडं बघितलं. तो इंजिनाचंच नाव सांगेल, असं विनोदिनीला वाटलं. तिनंच त्याला वाचवलं, तिनंच त्याचा हात बांधला. तो आपला आहे, घरात मराठी बोलतो.

तो ठाणेदाराशी बोलला नाही. तिच्याशी बोलला.

"दीदी, एक खोटं तुमच्यासाठी बोललो तं दुसरं मालकासाठी बी बोलावं लागन," तो म्हणाला. "या हातानंच मी गिअर टाकतो. उद्या हा हात बरा झाला नाई तं माह्या आईले मी काय सांगू? इंजिनात गेला म्हणून?" मग त्यानं ठाणेदाराकडं तोंड केलं. "उसने मारा. सब्बल से. बाकी लोगों ने लात मारी, चेहरे याद नहीं."

चेहरे त्याला आठवत होते. तो लोकेशच्या समोरच बसला होता. लोकेशनं नजर पायांकडं वळवली.

धर्मपाल उठला. कोणी काही म्हणायच्या आधी तोच जीपकडं चालायला लागला. जाता जाता इंद्रजीतपाशी थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ओठही हलले, पण ते त्याला जन्मात जमलं नव्हतं आणि आजही जमलं नाही. त्यानं फक्त वाकून इंद्रजीतच्या पाठीची धूळ झटकली आणि जीपमध्ये जाऊन बसला.

"तुमी काहून गप्प बसले? सांगा नं काही!" विनोदिनी जीपमागं धावली. "मी बोट केलं, म्हणून यायनं मारलं! मले बी न्या! साहेब, मले बी न्या!"

जीप निघून गेली. तिच्या मागोमाग दवाखान्याची गाडी इंद्रजीतला घेऊन गेली. यशवंतराव आपला मेलेला ट्रक ओढून न्यायला दुसरी गाडी बघायला गेला. मग एकेक करून मागच्या गाड्या चालू झाल्या, कारण भट्टी दुरुस्त झाली होती आणि रांग सरकायला लागली होती.

विनोदिनी घरात आली. कांताबाई भिंतीला टेकून बसली होती. होरपळलेला पदर तिनं मांडीवर घेतला होता आणि जळालेले काठ बोटानं मोडत होती.

"काय म्हटलं त्या पोट्ट्यानं?" तिनं विचारलं.

"खरं बोलला."

"सगळं?"

"सगळं. माह्याबद्दल बी, स्वतःबद्दल बी. यायच्याबद्दल बी."

"मग तू काहून रडून राहिली?"

"काय करू मग, आत्याबाई? शिव्या तरी कोणाले देऊ? तो खोटं बोलला असता तं दिल्या असत्या."

म्हातारी बराच वेळ खोकत राहिली. मग तिनं सुनेला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरचं वाळलेलं रक्त थुंकी लावून पुसलं, सुजलेली बोटं आपल्या हातात घेतली.

"रडून घे," ती म्हणाली. "मग पीठ मळू. तुह्या हातानं जमत नाई, मी मळते. उद्या दोन डबे न्यायचे हायेत."

"दोन कोणाले?"

"एक ठाण्यात माह्या पोराले," कांताबाई म्हणाली. "आन् एक दवाखान्यात त्या पोट्ट्याले. त्याच्या भाकरी इथूनच मोडून नेजो, बारीक. एका हातानं मोडता येत नाई."